पडद्यामागचे दोन भाऊ

शास्त्रपाठ : २ करिंथ ८:१६-२४, १ करिंथ ४:९, प्रेषितांची कृत्ये १९:२८-३१



पावसाळा सरू लागला की आपल्या मंडळ्यांतून एक परिचित हालचाल सुरू होते. कोठे मंदिराचे छप्पर गळत असते, कोठे वसतिगृहातील मुलांच्या फीची तजवीज व्हावयाची असते, तर कोठे एखाद्या गरीब कुटुंबावर मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोसळलेला असतो. उपासना संपल्यावर तरुण संघाचे दहाबारा जण मागच्या बाकांवर रेंगाळतात, आणि कोणीतरी म्हणतो, ‘‘आपण एक नाटक बसवू या.’’ लगेच वह्या निघतात. संहिता कोणती, तालमी कोठे, सभागृहाचे भाडे किती, स्मरणिकेच्या जाहिराती कोण आणणार, अशी चर्चा रंगते. इंदूर, बडोदा, हैदराबाद यांसारख्या शहरांतील मराठी मंडळ्यांत तर या बेताला आणखी एक रंग चढतो. तेथे मराठी नाटक वरचेवर पाहावयास मिळत नाही. त्यामुळे मंडळीबाहेरचे मराठी शेजारीही तिकिटे घेतात आणि नाटकाच्या निमित्ताने प्रथमच मंदिराच्या आवारात पाऊल टाकतात.

बहुधा त्याच बैठकीत एखादे वडीलधारे गृहस्थ घसा खाकरून विचारतात, ‘‘देवाच्या कामाला तिकीट कशाला? ज्याला द्यावयाचे आहे त्याने दानपेटीत टाकावे. करमणूक केल्याशिवाय ज्यांचा हात खिशात जात नाही, त्यांच्या पैशाला दान म्हणावयाचे काय?’’ तरुण मंडळी या प्रश्नावर हसतात. मला मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. तिकिटाची रक्कम ही किंमत आहे, अर्पण नव्हे. शंभर रुपये देऊन दोन घटका सुखात घालविणाऱ्याने आपण शंभर रुपये दान केले असे मानू नये, आणि आपणही व्यासपीठावरून त्याला तसे सांगू नये. परंतु एवढ्यावरून नाटकच करू नये असे ठरत नाही. सुगीच्या सणाला आपण लिलाव करतो. दुधी भोपळ्याला बाजारभावाच्या वीसपट बोली लागते आणि सारी मंडळी टाळ्या वाजवते. त्या भोपळ्यात व्यापार किती आणि अर्पण किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. कारण ज्याने तो पिकवून वेदीपाशी आणला त्याचे अर्पण आधीच झालेले असते. नाटकाचेही तसेच आहे. प्रेक्षक किंमत देतो. अर्पण करतात ते महिनाभर रात्री जागून तालमी करणारे. तेव्हा दान कोठे आहे हे शोधावयाचे असेल तर तिकीटखिडकीकडे न पाहता पडद्यामागे पाहावे.

आपल्या भाषेत ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ हे शब्द जोडीने वावरतात. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्माविषयी शिकविताना ज्यांना ढोंगी म्हटले, त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये योजलेला शब्द त्या काळी रंगभूमीवरील नटाला लावीत असत. हे ध्यानात घेऊन मत्तयाचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. नट असणे हा दोष आहे असे प्रभू तेथे म्हणत नाही. दान देताना नट होणे, म्हणजे गरिबाच्या हातात नाणे ठेवताना नजर प्रेक्षकांकडे असणे, हा दोष तो दाखवितो. प्रामाणिक नट सोंग घेतो आणि हे सोंग आहे हे सर्वांना ठाऊक असते. रंग पुसला की तो आपल्या घरी जातो. ढोंग्याचा रंग पुसला जात नाही. शिवाय आपल्या लोकांत एक म्हण आहे की, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. मदतीसाठी नाटक करू पाहणाऱ्या प्रत्येक समितीने ही म्हण दोन अर्थांनी लक्षात ठेवावी. खोटा आकडा उभा राहत नाही, हा एक अर्थ. दुसरा असा की, रंगमंचावर काहीही चालेल, हिशेबाच्या वहीत सोंग चालणार नाही.

आता आपण करिंथास जाऊ. ज्या नगरीतील मंडळीला पौलाने वर्गणीविषयी इतके तपशीलवार लिहिले, ती नगरी नाटकांची चांगली सरावलेली होती. तेथील रंगमंडलाचे अवशेष आजही आहेत. त्याच्या शेजारच्या फरसबंदीत १९२९ साली उत्खननात एक लॅटिन शिलालेख सापडला. एरास्त नावाच्या गृहस्थाने नगराधिकाराचे पद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चाने केली, अशा आशयाचा तो आहे. दगडात खोल अक्षरे कोरून त्यांत धातू बसविलेला होता, म्हणजे उन्हात ते नाव चकाकत असेल. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात एरास्त नावाचा नगराचा खजिनदार भेटतो. तो आणि हा एकच की काय, यावर विद्वानांत एकमत नाही, आणि आपल्यालाही तो वाद येथे सोडविण्याची गरज नाही. एवढे मात्र खरे की करिंथचे लोक नाटकाला जाताना ज्या दगडांवर पाय ठेवून जात, तेच त्यांना शिकवीत होते की सार्वजनिक कामाला पैसा द्यावा आणि आपले नाव ठसठशीत कोरून घ्यावे. त्यांना ते रीतीचे वाटत असे. आपल्यालाही वाटते, आपल्या मंदिरांतील पंख्यांच्या पात्यांवर आणि बाकांच्या पाठींवर रंगविलेली नावे काय सांगतात?

अशा नगरीतील लोकांना पौल यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी वर्गणी मागतो. ती नेण्याची व्यवस्था सांगताना तो तीन माणसांचा उल्लेख करतो. पहिला तीत. त्याच्याविषयी पौल सांगतो की, विनंती केली ती त्याने मानलीच, पण मुळात तो आपल्या खुशीने निघाला. आजच्या भाषेत स्वयंसेवक म्हणावा तो हाच. त्याच्याबरोबर आणखी दोन भाऊ आहेत. एकाची सुवार्तेच्या कामाबद्दल सर्व मंडळ्यांत वाहवा आहे आणि मंडळ्यांनी त्याला निवडून दिले आहे. दुसऱ्याला अनेक प्रसंगी पारखून पाहिलेले आहे. या दोघांची नावे पौल लिहीतच नाही. पहिला भाऊ लूक असावा, बर्णबा असावा, असे तर्क पुष्कळ झाले; पण पत्रात नाव नाही ते नाहीच. जेथे फरसबंदी करणाऱ्याचे नाव धातूत ओतले जात होते, तेथे सर्व मंडळ्यांचा पैसा ज्यांच्या हाती सोपवावयाचा ते दोघे केवळ ‘भाऊ’ म्हणून उभे आहेत.

हे तीन जण कशाला? एका तीताला थैली उचलली नसती असे थोडेच होते! त्याचे कारण पौल स्वतःच देतो. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये, आणि जे नीट आहे ते प्रभूच्या दृष्टीने तर असावेच पण माणसांच्या दृष्टीनेही दिसावे, अशी त्याची काळजी आहे. पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातही तो सांगतो की, रक्कम नेणारी माणसे तुम्हीच पसंत करा. स्वतः प्रेषित असून तो पैशाला एकट्याने हात लावीत नाही. ‘आमचा विश्वास आहे, हिशेब कशाला?’ असे म्हणणाऱ्या मंडळ्यांनी हा भाग मोठ्याने वाचावा. पूर्वी तिकिटांचे पैसे पत्र्याच्या पेटीत जमत आणि पेटीला दोन कुलुपे लावता येत. आता ते मोबाइलवरून जमा होतात, आणि घाईगर्दीत एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्याचा क्रमांक सर्वत्र पाठविला जातो. तो मुलगा सोन्यासारखा असतो. म्हणूनच त्याला त्या अडचणीत टाकू नये. मंडळीचे खाते, दोघांच्या सह्या, तिकीटपुस्तकांचे अनुक्रमांक, उरलेल्या तिकिटांची मोजणी, आणि प्रयोगानंतर पुढच्याच रविवारी वाचलेला जमाखर्च. त्यात सभागृहाचे भाडे किती गेले आणि चहाफराळाला किती, हेही आले. वीस हजार जमले आणि चौदा हजार खर्च झाले, तर ते तसेच सांगावे. ऐकायला बरे वाटणार नाही, पण पुढच्या वर्षी नाटक करावे की सरळ वर्गणी काढावी, हे मंडळीला कळेल.

परवानगीच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, हे हौशी मंडळी विसरतात. लेखकाचे काय, हा प्रश्न त्याहून नाजूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक सवलत आहे. हौशी संस्थेने पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या हितासाठी प्रयोग केला, तर तो हक्कभंग ठरत नाही. कायद्याने एवढे औदार्य दाखविले म्हणून आपण लेखकाला विचारूही नये काय? ज्याच्या शब्दांवर आपण चार पैसे उभे करणार, त्याला एक पत्र लिहावे, प्रयोगाला बोलवावे, आणि शक्य असेल ते मानधन द्यावे. गरिबासाठी काम करताना लेखक नावाच्या दुसऱ्या कष्टकऱ्याला विसरणे शोभत नाही.

पण मला मुख्यतः ज्याविषयी बोलावयाचे आहे ते निराळेच आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन्ही अध्याय संपूर्णपणे वर्गणीविषयी आहेत. ते एकदा शांतपणे वाचून पाहा आणि शोधा की यरुशलेमेतील गरिबांच्या हालांचे वर्णन कोठे आहे. ते नाही. उपाशी मुले नाहीत, रिकामी मडकी नाहीत, अश्रू नाहीत. जो प्रभू धनवान असता आपल्याकरिता दरिद्री झाला त्याची कृपा आहे. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतःच्या विपन्नावस्थेत केलेले औदार्य आहे. आणि समतेचा विचार आहे, की आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. मागणारा इतका समर्थ लेखक असून त्याने ज्यांच्यासाठी मागितले त्यांचे दैन्य दाखवायला काढले नाही. याउलट पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, जगापुढे, देवदूतांपुढे आणि माणसांपुढे जे प्रदर्शन मांडलेले आहे त्याविषयी तो लिहितो, तेव्हा मूळ शब्द रंगमंडलाचाच आहे. आणि त्या रंगमंडलात तो उभे करतो प्रेषितांना, स्वतःला. दुसऱ्याची भूक त्याने झाकली आणि आपली फजिती उघडी केली.

आपले मदतीचे कार्यक्रम पुष्कळदा याच्या उलट चालतात. मध्यंतरात पडदा उघडतो. ज्या घरासाठी नाटक चालले आहे त्या घरातील आई आजारी मुलाला घेऊन रंगमंचावर येते. ध्वनिक्षेपकावरून आजाराचे नाव, खर्चाचा आकडा, बापाच्या पगाराचा आकडा जाहीर होतो. मग पाकीट देण्याचा समारंभ, छायाचित्र, आणि टाळ्या. हे करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. लोकांना पाहिले म्हणजे पाझर फुटतो, असा अनुभव ते सांगतात, आणि तो खोटाही नाही. पण त्या बाईने ज्या दिवशी मदत मागितली त्या दिवशी तिने आपली लाज विकायला काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला त्याच वस्तीत दुकानात उभे राहावयाचे असते. तिचा मुलगा बरा झाला तर त्याला त्याच शाळेत बसावयाचे असते. ज्यांना सोंग घेण्याची हौस आहे त्यांनी रंगमंचावर जावे. जिला तो वेष कधीच नको होता तिला तेथे उभे करू नये. गरजेची चौकशी अवश्य करावी, कागद पाहावेत, रक्कम थेट रुग्णालयात भरावी. हे सारे दोन पंचांनी बंद दाराआड करावे. प्रेक्षकांना एवढेच सांगावे की मंडळीतील एका कुटुंबासाठी हा प्रयोग आहे आणि हिशेब पाळकांकडे पाहावयास मिळेल. यामुळे काही तिकिटे कमी खपतील, हे मी नाकारीत नाही. तेवढी खपू देऊ नयेत, असेच माझे मत आहे.

पहिल्या रांगेविषयीही एक शब्द. मानाच्या प्रवेशिका छापताना याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय समितीच्या टेबलावर उघडा ठेवावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बैस, हा जो प्रकार त्याने धिक्कारला तो उपासनेपुरता नाही. वसतिगृहाची मुले आणि विधवा म्हाताऱ्या यांना फुकट प्रवेशिका द्याव्यात, पण त्यांचा रंग निराळा ठेवू नये. दारावरच्या स्वयंसेवकालाही ओळखू येता कामा नये.

अशी कामे पूर्वी झालेली आहेत. १९२१ साली मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. ज्यांच्या चाहत्यांत नित्य चुरस चाले ते दोघे नट एका फंडासाठी एका रंगमंचावर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे निधन झाले, त्यामुळे महाराष्ट्राने तो प्रयोग मनात जपून ठेवला. आपल्या समित्यांत प्रमुख भूमिका कोणाला यावरून जे रुसवेफुगवे होतात, ते पाहता त्या नाटकाचे नावही सूचक वाटते!

दुसरे उदाहरण आपल्या परंपरेतले. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन शहरात हँडेलचा ‘मसीहा’ प्रथम गायला गेला, तो तुरुंगातील कैद्यांच्या आणि दोन रुग्णालयांच्या मदतीसाठी. जागा कमी पडेल म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांतली कडी घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आधी करण्यात आली. लोकांनी ती मानली आणि सुमारे ७०० श्रोते दाटीवाटीने बसले. जमलेल्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. सभागृहात जे गायले गेले ते ख्रिस्ताविषयी होते, कर्जदारांविषयी नव्हे. श्रीमंतांनी आपली मिरवण्याची साधने घरी ठेवावीत म्हणजे आणखी शंभर माणसांना जागा होते, हे त्या दिवसाचे शहाणपण मला स्वरांइतकेच मोलाचे वाटते. पुढच्या वर्षी लंडनमध्ये हेच गायन नाटकगृहात ठेवले तेव्हा पवित्र विषय अशा जागी आणावा काय यावर वर्तमानपत्रांत वाद पेटला. म्हणजे आपले घसा खाकरणारे वडीलधारे गृहस्थ काही एकटे नाहीत.

शेवटी पौलाच्या त्या वर्गणीचे काय झाले ते पाहू. प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा एक संदेष्टा दोन वेळा येतो. अकराव्या अध्यायात तो दुष्काळाची सूचना देतो, आणि त्यावरून अंत्युखियाचे शिष्य मदत गोळा करून बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियात पाठवितात. एकविसाव्या अध्यायात पौल पुन्हा मदत घेऊन यरुशलेमेकडे चालला असता कैसरियात तोच अगब येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन आपलेच हातपाय बांधतो आणि हा पट्टा ज्याचा आहे त्याचे असेच होईल असे दाखवितो. यिर्मयाने मानेवर जू घेतले, यहेज्केलाने विटेला वेढा घातला, त्याच जातीचे हे अभिनयाने सांगितलेले भविष्य. भोवतीचे सगळे रडतात, जाऊ नकोस म्हणतात. पौल जातो. रोमकरांस लिहिताना त्याने आधीच एक चिंता बोलून दाखविली होती, की यरुशलेमेतील पवित्र जनांनी ही सेवा गोड मानून घ्यावी म्हणून प्रार्थना करा. देणाऱ्याला वाटत होते की घेणारे नाकारू शकतात, तो अधिकार त्यांचा आहे. आपल्यापैकी किती जणांनी पाकीट देण्यापूर्वी अशी प्रार्थना केली आहे?

यरुशलेमेत पौलाला अटक झाली. रक्कम किती भरली हे लूक कोठेच सांगत नाही. मात्र त्या प्रवासात पौलाबरोबर कोण कोण होते त्यांची यादी विसाव्या अध्यायात आहे, आणि वर्गणी पोहोचविण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेले प्रतिनिधी ते हेच असावेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांत थेस्सलनीकेचा अरिस्तार्ख आहे. थोड्याच काळापूर्वी इफिस येथील दंगलीत जमावाने ज्याला ओढत रंगमंडलात नेले होते तो हाच अरिस्तार्ख. सुमारे २५ हजार माणसे मावतील एवढे ते रंगमंडल होते. त्यात शिरलेला जमाव दोन तास एकच घोषणा देत होता आणि बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हे ठाऊकही नव्हते. तेथे अरिस्तार्ख काय बोलला, बोलला की नाही, याची नोंद नाही. त्यानंतर तो यरुशलेमेच्या प्रवासाला निघाला. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर कैदी पौलाला घेऊन रोमकडे जाणारे जहाज कैसरियाहून सुटले, तेव्हाही तो त्यावर होता.